चालक एकटा

१ डिसेंबर, सोमवार

गॅरेजवाल्याने सांगितलं म्हणून ही वही. तो म्हणाला, "काका, नुसतं हीटर कमी वाटतो म्हणालात तर मी काय शोधू? बाहेर किती थंडी, आत किती गरम, किती वेळाने, बॅटरी किती, सगळं लिहून आणा. पंधरा दिवस लिहा." लिहायला माझी हरकत नाही. एकतीस वर्षं मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोंदीच लिहिल्या. वेळ, तापमान, नमुना कुठला, खाली सही.

वाहन: विजेवर चालणारी गाडी, हा चौथा हिवाळा.
तक्रार: आत नीट गरम होत नाही.
तक्रार कोणाची: बायकोची.

ती मार्चमध्ये गेली. मागच्या हिवाळ्यात कर्करोगाच्या इस्पितळात एकोणीस खेपा झाल्या. जाऊन येऊन एकशे बेचाळीस किलोमीटर. जवळजवळ प्रत्येक खेपेला ती एकदा तरी म्हणायची की गाडी तापत नाही. मी म्हणायचो, मला तर छान तापलेली वाटते, तुला औषधाची थंडी वाजते. औषधाने थंडी जास्त लागेल असं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. तरी एकदा दाखवून घेतो, असं मी तिला म्हणालो होतो. दाखवलं नाही. गाडी गॅरेजात अडकली तर पुढची खेप कशी करायची, हे एक कारण. दुसरं म्हणजे मला ते खरं वाटत नव्हतं.

आता दाखवतो आहे. हीटरमध्ये दोष निघाला तर तिचं बरोबर होतं. नाही निघाला तर ती औषधाची थंडी होती आणि तिच्यावर कोणाचाच इलाज नव्हता. यातलं काय निघावं असं मला वाटतं, ते मला सांगता येणार नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

बाहेर ३ अंश. प्रयोगशाळेतला जुना तापमापक घरी होता, तो स्टिअरिंगशेजारच्या, गरम हवा येते त्या जाळीला दोऱ्याने बांधला. दहा मिनिटांनी ३९. वीस मिनिटांनी ४६.

दर मंगळवारी सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामासाठी न्यायचं असतं. बावीस किलोमीटर. त्या नऊ वर्षं आमच्याकडे आहेत. बायको त्यांची एकुलती एक मुलगी. त्या मागे बसतात. पुढच्या सीटवर बायकोची शाल आहे, मार्चपासून तशीच. ती उचलायचा विषय आमच्यात निघालेला नाही.

निम्म्या वाटेत त्या म्हणाल्या, "जावईबापू, मला बर्फाच्या लादीवर बसवलंय का?"

मी तापमापकाकडे बोट दाखवलं. सेहेचाळीस.

"तो तुमच्याजवळ बसलाय. त्याला काय होतंय."

या वयात रक्ताभिसरण मंद होतं, असं मी त्यांना सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, माझ्या रक्ताचं मी बघते, तुम्ही समोर बघा.

नोंद: मागे बसणाऱ्याला थंडी वाटते. वय एक्क्याऐंशी.

५ डिसेंबर, शुक्रवार

गॅरेज. गॅरेजवाला चाळिशीचा, अंगाने भारी. गाडीत शिरला की गाडी एका बाजूला कलते. आपणच म्हणतो, मी बसलो की गाडीचे निम्मे आजार कळतात. त्याने मला समजावून सांगितलं की पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची ऊब फुकट मिळते, हिच्यात ऊब हवी तर बॅटरीतूनच काढावी लागते, म्हणजे वेगळी चूल पेटवण्यासारखं आहे. चूल बारीक असेल किंवा पंखा कमी असेल किंवा वाटेत काही तुंबलं असेल. तिन्हींपैकी एक.

हवेचा फिल्टर काढून दाखवला. पाला, केस, काळी धूळ. नवा टाकला.

गाडीतल्या स्क्रीनच्या पडद्याशी मात्र त्याचं जमत नाही. गाडीची भाषा मी आपली लावून ठेवली आहे. तो म्हणाला, "काका, हे भाषांतर कोणी केलंय? मला अर्धं कळत नाही. हे खाली काय लिहिलंय, चालक एकटा?"

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात राखी रंगात बारीक अक्षरांत ती ओळ कायम असते. मी म्हणालो, ते सीटच्या सेन्सरचं आहे. शेजारी कोणी नसलं की तसं दाखवतो.

"मग बरोबर दाखवतोय," तो म्हणाला आणि पुढच्या कामाला लागला.

परत येताना आठवलं ते लिहून ठेवतो, गॅरेजला उपयोगी पडेल असं नाही. जानेवारीतल्या एका खेपेला बायकोने ती ओळ वाचली होती. म्हणाली, एकटा का म्हणते ही गाडी? मी बसलेय ना. मी म्हणालो, तुझं वजन फार उतरलंय, सेन्सरला कळत नसेल. ती म्हणाली, "अस्सं." मग इस्पितळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. तेव्हा ते बोलायला नको होतं असं आता वाटतं. पण माहिती म्हणून चुकीचं नव्हतं.

६ डिसेंबर, शनिवार

कुठे जायचं नव्हतं. दारात उभ्या गाडीत बसून वीस मिनिटं हीटर लावला. बाहेर ४. जाळीपाशी ४७. फिल्टरने एक अंशाचा फरक.

सासूबाई खिडकीतून बघत होत्या. आत आल्यावर म्हणाल्या, कुठे जाऊन आलात? मी म्हटलं, कुठे नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

बाहेर १. काचेवर दहिवर. वीस मिनिटांनी ४६.

सासूबाईंनी आज पलंगावरची रजईच आणली. फिल्टर नवा टाकलाय असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, फिल्टरला माझा नमस्कार सांगा.

येताना बॅटरीचा आकडा अपेक्षेपेक्षा लवकर उतरला, तेव्हा मी पंखा एकने कमी केला. ही माझी जुनी सवय. गाडी घेतली त्याच महिन्यात ती घराच्या चार किलोमीटर अलीकडे बंद पडली होती. दोघांनी पायी घर गाठलं. बायकोला हसू येत होतं, मला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीची माहितीपुस्तिका घेऊन बसलो आणि बॅटरी जिथे जिथे वाचते ते सगळं करून ठेवलं. तेव्हापासून किती किलोमीटर उरले तो आकडा बघतच चालवतो. बायको म्हणायची, रस्त्याकडे कमी आणि आकड्याकडे जास्त बघता. इस्पितळाच्या खेपांना तर मी फारच बघायचो. तिला घेऊन वाटेत अडकलो असतो तर काय केलं असतं?

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सासूबाईंचं वजन घेतलं. ब्याऐंशी. बाई म्हणाल्या, आजी, थोडं कमी करा, गुडघ्यांना आराम पडेल. सासूबाई म्हणाल्या, वजन उचलण्याशिवाय गुडघ्यांनी इतकी वर्षं काय केलंय दुसरं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी असते, दर शुक्रवारी करते. आजीने तिला वहीबद्दल सांगितलेलं दिसतं. गाडी विकून टाका म्हणाली, तुम्हाला आता एवढ्या मोठ्या गाडीचं काय काम. मी हीटरचं सांगायला लागलो. फिल्टर, पंखा, जाळीपाशी किती अंश येतं ते. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "बाबा, आई आता थंडीत नाहीये."

मी म्हटलं, ते मला माहीत आहे. मग तिने आजीला फोन द्यायला सांगितला.

१३ डिसेंबर, शनिवार

गॅरेज. दीड तास. गॅरेजवाल्याने चुलीतून फिरणारं पाणी तपासलं. पातळी थोडी कमी होती, नळीत हवेचे बुडबुडे होते, ते काढले. मग हीटर किती वीज ओढतो ते मोजलं. जेवढी ओढायला पाहिजे तेवढीच ओढतो. पंखा नीट. स्वतः आत बसून काचा वर करून वीस मिनिटं चालवली आणि कपाळ पुसत बाहेर आला.

"काका, हीटर ठणठणीत आहे. मला घाम फुटला."

मी वही दाखवली. त्याने सगळ्या नोंदी वाचल्या. म्हणाला, अशी वही माझ्याकडे अजून कोणी आणलेली नाही. मग म्हणाला, आकडे चांगलेच आहेत की, तक्रार नक्की काय आहे? माझी बायको म्हणायची, असं मी सांगितलं. त्याने वही मिटून दोन्ही हातांनी परत दिली. अजून काही दिवस बघा, मग तक्रार बंद करू, असं म्हणाला.

म्हणजे औषधाची थंडी होती. प्रश्न मिटला.

संध्याकाळी पुस्तिकेतलं हीटरचं प्रकरण पुन्हा वाचलं. नऊ पानं. सगळं सांगितल्याप्रमाणे चालतं आहे. पुस्तिका परत गाडीत ठेवली. प्रश्न मिटल्यावर बरं वाटायला हवं होतं.

१६ डिसेंबर, मंगळवार

बाहेर २.

सासूबाईंचा गुडघा कालपासून सुजला आहे. मागच्या सीटवर पाय दुमडता येईना. पुढे बसते म्हणाल्या आणि पुढचं दार धरून उभ्या राहिल्या. मी शाल उचलली. ती कुठे ठेवावी ते सुचेना. त्यांनीच माझ्या हातातून घेतली आणि खांद्यावर टाकली.

दुसऱ्या हातात त्यांच्याकडे गरम पाण्याची रबरी पिशवी होती, लोकरीचं आवरण घातलेली. ही कशाला, असं मी विचारलं.

"पायाशी. ती न्यायची तशी."

मी म्हणालो, ती पोटदुखीसाठी न्यायची.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "पोटदुखी," त्या म्हणाल्या. "पोटदुखीला कोणी पिशवी पायाशी घेतं का? मीच भरून द्यायचे." मग पट्ट्याशी झटापट करायला लागल्या. पट्टा लागेपर्यंत घंटी वाजत राहिली.

मोतीबिंदू काढल्यापासून त्या दिसेल ते मोठ्याने वाचतात. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागे लिहिलेलं, सगळं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी पडदा वाचायला घेतला. वेळ वाचली. बाहेरचं तापमान वाचलं. मग वाचलं, "चालक एकटा."

थोडं थांबून म्हणाल्या, "आणि मी काय हवा आहे?"

मी सेन्सरचं सांगायला तोंड उघडलं. वजन कमी असलं की त्याला कळत नाही, असं म्हणणार होतो. ब्याऐंशी किलो.

आणि घंटी वाजली होती. सीटवर कोणी बसलंय हे कळल्याशिवाय पट्ट्याची घंटी वाजत नाही. बायकोने पट्टा लावायला उशीर केला की तिच्यासाठीही वाजायची. शेवटच्या खेपेलासुद्धा वाजली होती. तिची बोटं चालत नव्हती, मी वाकून पट्टा लावला होता.

माझ्यासमोरच्या जाळीतून गरम हवा येत होती. हात लांब करून मी त्यांच्यासमोरच्या जाळीवर धरला. काही येत नव्हतं. गार नाही, गरम नाही, काहीच नाही.

"काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, काही नाही.

आज तापमापक वाचला नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळी गाडीत बसून पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. हीटरच्या प्रकरणात ते नाहीच. ते 'बॅटरी बचत' या प्रकरणात आहे, पान एकशे बारा. तिथलं जसंच्या तसं उतरवतो.

"चालक एकटा: हा पर्याय निवडल्यास हवा फक्त चालकाच्या बाजूस चालू राहते. शेजारील व मागील जाळ्या बंद होतात. इतर प्रवासी असल्यास हा पर्याय बंद करावा."

गाडी काही कळवत नव्हती. तिला सांगितलेलं ती करत होती.

समासात पेन्सिलीने लिहिलेलं आहे: "चालू केले. ६ कि.मी. वाचतात." खाली तारीख. गाडी बंद पडली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. तारखेखाली सही. अक्षर माझं आहे, सही माझी आहे. केल्याचं आठवत नाही. त्या दिवशी मी अशा आठ-दहा गोष्टी केल्या होत्या. प्रत्येकीसमोर नोंद आहे, प्रत्येकीखाली सही.

प्रयोगशाळेत नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला एक गोष्ट सांगायचो. टाकीजवळच्या नळाचं पाणी चांगलंच निघतं. नमुना शेवटच्या घरातून घ्यायचा. एकदा एकाने जवळच्या नळावरून बाटल्या भरून आणल्या, तेव्हा मी सगळ्यांदेखत त्या मोरीत ओतल्या होत्या. माझा तापमापक दोन आठवडे माझ्याच जाळीला बांधलेला होता.

तो सोडून शेजारच्या जाळीला बांधला. बाहेर ३. दहा मिनिटांनी तापमापकात ८. मग तो पर्याय बंद केला. बोटाचं एक टेकणं. कुठेतरी झडप उघडल्याचा आवाज आला आणि हवा यायला लागली. दहा मिनिटांनी ४१.

उरलेल्या किलोमीटरचा आकडा आधी १७१ होता. पर्याय बंद केल्यावर १६५. सहा. नोंद बरोबर होती.

मागच्या हिवाळ्यात त्या खेपांहून घरी पोचताना आकडा तिसाच्या खाली कधीच गेला नव्हता. तो मी रोज बघत होतो, त्यामुळे पक्कं सांगू शकतो.

एकोणीस खेपा. जायला दीड तास, यायला दीड तास. बेरीज करायची नाही असं ठरवलं. होऊन गेली.

१८ डिसेंबर, गुरुवार

गॅरेजवाल्याला फोन करून सांगितलं की सापडलं, एक सेटिंग होतं. तो मोठ्याने हसला. म्हणाला, होतं असं काका, बऱ्याच जणांचं होतं. ती ओळ मी विचारली होती बघा तुम्हाला. जाऊ द्या, गाडीला काही झालं नव्हतं ते बरं. शनिवारी येऊन सही करून जा, तक्रार बंद करू.

सासूबाईंना सांगायचं की नाही याचा दिवसभर विचार केला. त्यांना सांगून कोणाचं भलं होणार नव्हतं. पण पुढच्या मंगळवारी त्यांच्या जाळीतून हवा आली असती आणि त्यांनी विचारलं असतं. संध्याकाळच्या चहाला सांगितलं. मी म्हणालो, "आई, हीटरला काही झालं नव्हतं. तिच्या बाजूची हवा मीच बंद करून ठेवली होती. तीन वर्षांपूर्वी. बॅटरी वाचावी म्हणून."

त्यांनी कप खाली ठेवला नाही. "किती वाचायची?"

"सहा किलोमीटर."

"म्हणजे बाजारात जाऊन यायचं."

"हो."

"तिला ठाऊक होतं?"

"नाही. मीही विसरलो होतो."

"तिने विचारलं नाही कधी?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, एकदा विचारलं होतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

वजनाचं जे म्हणालो होतो ते सांगितलं. त्याच शब्दांत सांगितलं.

सासूबाई उठल्या. गुडघ्यामुळे त्यांना टेबल धरून उठावं लागतं. त्यांनी त्यांचा कप विसळला. मग माझा उचलला आणि तोही विसळला. माझा चहा अजून संपायचा होता.

१९ डिसेंबर, शुक्रवार

लेकीचा फोन. आजीशी बोलली. आजीने काही सांगितलं नसावं, कारण माझ्याशी नेहमीसारखंच बोलली. हीटरचं काय झालं विचारलं. झालं दुरुस्त, असं सांगितलं. ती म्हणाली, चला, बरं झालं बाबा, एक काळजी मिटली.

२० डिसेंबर, शनिवार

गॅरेज. तक्रारीच्या कागदावर शेवटी दोन रकाने होते. 'दोष कशात' आणि 'केलेले काम'. गॅरेजवाला म्हणाला, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच भरा. पहिल्यात लिहिलं, गाडीत नाही. दुसऱ्यात काय लिहावं ते कळेना. तो रकाना मोकळा ठेवला. खाली सही केली.

तो म्हणाला, वही ठेवून घेऊ का, नव्या पोरांना दाखवायला, नोंदी कशा ठेवतात ते. मी नको म्हणालो.

२३ डिसेंबर, मंगळवार

सासूबाई गुरुवारपासून कामापुरतं बोलतात. जेवायला वाढतात, औषधाची वेळ झाली की आठवण करतात. आवाज चढलेला नसतो. जावईबापू म्हणत नाहीत. नुसतं अहो म्हणतात, तेही कधीतरी.

आज निघायच्या आधी पंधरा मिनिटं गाडी चालू करून ठेवली. सगळ्या जाळ्या उघड्या. पुढचं दार उघडून मी उभा राहिलो. त्या आल्या. हातात पिशवी नव्हती. खांद्यावरची शाल काढून त्यांनी तिची घडी घातली आणि पुढच्या सीटवर ठेवली, आधी होती तशी. मग मागचं दार उघडलं.

मी म्हणालो, "आई, पुढे बसा. गुडघा दुमडणार नाही. आता पुढे गरम आहे."

"ती जागा तिची आहे," त्या म्हणाल्या.

आत शिरायला त्यांना बराच वेळ लागला. मी हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही, दाराला धरून बसल्या. आरशात बघितलं तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. वाटेतल्या पाट्यांपैकी एकही वाचली नाही. मागे गरम होतंय का, असं मी एकदा विचारलं. हो म्हणाल्या.

बाहेर २. माझी जाळी ४५. शेजारची ४४. मागची ४०. आकडा येताना एकदाही बघितला नाही.

पडद्यावर आता ती ओळ येत नाही.